कुठल्या समुद्रापासून?

माझ्या बाबांना स्टेशनची पाटी वाचल्याशिवाय प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. नाव सगळेच वाचतात. बाबा उंची वाचायचे, आणि तीही मोठ्याने. दौंड असो की मनमाड, गाडी थांबली की ते खिडकीला नाक लावून आकडा जाहीर करायचे आणि मागच्या स्टेशनपासून आपण किती चढलो ते समोरच्या अनोळखी माणसालासुद्धा सांगायचे. आई म्हणायची, "झालं का तुमचं? आता डबा उघडा." बाबा बँकेत होते, रेल्वेशी त्यांचा तिकिटापुरताच संबंध. पण पुढे मी सिव्हिल इंजिनिअर झाले आणि रेल्वेच्या आखणीत पडले, त्याचं सगळं श्रेय ते स्वतःकडे घेतात. मी घेऊ देते, कारण वाद घालून उपयोग नसतो.

मागच्या हिवाळ्यात ते आमच्याकडे आले होते, ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सला. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटे. नवरा कामासाठी पर्थला होता, त्यामुळे घरात मी, दहावीतली मुलगी आणि बाबा. बाबा दिवसभर तळ्याभोवती फेऱ्या मारायचे, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला गुड मॉर्निंग म्हणायचे, आणि मी संध्याकाळी घरी आले की दिवसभर साठवलेले प्रश्न माझ्यावर सोडायचे. कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे का? शेजारी भर थंडीत अनवाणी का फिरतो? माझा स्वभाव आधीच तापट, त्यात त्या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी एका शब्दात उत्तरं द्यायचे, आणि ते पुढचा प्रश्न काढायचे.

डोकं ठिकाणावर नसण्याचं कारण एक मालगाडीचा मार्ग होता. मी ब्रिस्बेनच्या एका सल्लागार कंपनीत मालगाड्यांचे मार्ग आखते. एरवी काम क्वीन्सलँडमधलंच असतं, खाणीपासून बंदरापर्यंत. पण त्या वर्षी आमच्याकडे एका परक्या देशाचं काम होतं. देशाचं नाव लिहीत नाही, करारानेच माझ्या तोंडाला कुलूप आहे. एवढंच सांगते की त्याला समुद्र नाही. चारही बाजूंनी दुसऱ्यांची जमीन. डिझेल, खत, औषधं, सगळं शेजारच्या देशाच्या बंदरातून ट्रकने यायचं, आणि सीमेवरच्या गेटपाशी ट्रकांची रांग लागायची. आता त्या बंदरापर्यंत नवी रेल्वे टाकायची होती, फक्त मालाची.

अडचण सीमेवर होती. शेजाऱ्याच्या रुळांचं गेज वेगळं, यांचं वेगळं. आपल्याकडे पूर्वी मीटरगेजची गाडी संपली की सामान डोक्यावर घेऊन ब्रॉडगेजच्या गाडीत बसायचं, तसंच हे, फक्त सामान म्हणजे अख्खे कंटेनर. त्यासाठी सीमेवर मोठं यार्ड लागणार होतं. शेजाऱ्याच्या गाड्या तिथपर्यंत येणार, क्रेन कंटेनर उचलून यांच्या गाडीवर ठेवणार, कस्टमची तपासणी तिथेच होणार. यार्ड सीमेच्या अलीकडे बांधायचं की पलीकडे, एवढाच प्रश्न उरला होता. दोन जागा काढल्या होत्या, एक यांच्या हद्दीत आणि एक शेजाऱ्याच्या. कोणती चांगली ते आमच्या अहवालाने सांगायचं होतं, आणि कर्ज देणारी बँक तो अहवाल मानणार होती.

त्या देशाच्या रेल्वे खात्यात आखणीचं काम बघणारी इंजिनिअर माझ्याच वयाची होती. दर मंगळवारी तिची सकाळ आणि आमची संध्याकाळ जुळवून आम्ही कॉलवर बोलायचो. हळूहळू कामापलीकडचंही बोलणं होऊ लागलं होतं. तिचं माहेर त्या सीमेवरच्याच गावातलं. एकदा मीटिंग संपल्यावर बाकीचे निघून गेले आणि आम्ही दोघीच राहिलो, तेव्हा तिने मला गेटची गोष्ट सांगितली. दोन्ही सरकारांचं कशावरून तरी बिनसलं की शेजारी गेट बंद करतो. एकदा असंच बंद झालं तेव्हा तिच्या आईचं इन्सुलिन रांगेतल्या कुठल्यातरी ट्रकमध्ये होतं. घराच्या गच्चीवरून ते ट्रक दिसायचे. गेट उघडेपर्यंत आईच्या पायाची जखम चिघळली, आणि शेवटी पाय गुडघ्याखालून काढावा लागला. "यार्ड आमच्याकडे असलं," ती म्हणाली, "तर गेट कधीही बंद होऊ दे, आलेला माल निदान आमच्या बाजूला उभा असेल." हे सांगताना तिचा आवाज मीटिंगमध्ये असायचा तसाच होता.

आणि बाबा आलेले असताना, त्या आठवड्यातल्या मंगळवारी मला तिला सांगावं लागलं की तिची जागा हरली आहे.

कारण साधं होतं: चढ. यार्डात डबे सुटे उभे असतात, आणि सुट्या डब्याला जमीन सपाट लागते. नोकरीच्या पहिल्या वर्षी पुण्याजवळच्या एका सायडिंगला, म्हणजे डबे उभे करायच्या बाजूच्या रुळांवर, मी सुटा डबा आपोआप चालायला लागलेला पाहिला आहे. आवाज नाही, धक्का नाही, नुसता हलतो आणि मग थांबत नाही. रेल्वेचे दोन खलाशी रुळांवर बसून भाकरी खात होते, त्यांना कुणीतरी ओरडून उठवलं म्हणून वाचले. तेव्हापासून यार्डाच्या चढाबाबत मी कुणाचं ऐकत नाही. कॉम्प्युटरवर केलेल्या जमिनीच्या मॉडेलमध्ये तिच्या जागेवर स्पष्ट उतार दिसत होता, मर्यादेबाहेरचा. भराव टाकून सपाट करता आलं असतं, पण त्याच्या खर्चाने जागा बादच झाली असती. शेजाऱ्याची जागा मात्र ताटासारखी सपाट होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी त्या मैदानावर मोठी झाले. मला तिथे कधी उतार जाणवला नाही."

"पायांना एवढा उतार जाणवत नाही," मी म्हणाले. हे खरंच आहे, पण बोलताना मलाच ते कठोर वाटलं.

"एकदा पुन्हा बघाल?"

उत्तर माझ्या मॅनेजरने दिलं. तो क्वीन्सलँडचाच, मूळचा सर्व्हेअर, माणूस सरळ आणि कामात चोख. "आम्ही बघितलंय. आकडे बदलत नाहीत. शुक्रवारी अहवाल जाईल." तो उद्धटपणे बोलला नाही, थकून बोलला. तिने आभार मानले आणि कॅमेरा बंद केला. पडद्यावर तिच्या नावाची आद्याक्षरं तेवढी उरली, आणि कॉल संपेपर्यंत ती तशीच राहिली.

बुधवारी मी अहवालाची शेवटची तपासणी करत होते. क्वीन्सलँडमध्ये इंजिनिअरिंगच्या कामाला नोंदणीकृत इंजिनिअरची सही लागते, आणि यार्डाच्या प्रकरणाखाली ती माझी होती. आकडे बरोबर होते. पुन्हा पुन्हा पाहिलं तरी बरोबर होते. तरीही सही करायला हात उठेना. मला वाटलं, ही माझी माया आहे, तिच्या आईच्या पायाची. मायेने डबे थांबत नाहीत, असं स्वतःलाच बजावून मी घरी आले.

रात्री नाही, संध्याकाळीच आम्ही जेवतो, इथल्यासारखं. मी कुकर उघडला, बाबांनी पानं घेतली, मुलगी फोन घेऊन टेबलाशी आली. बाबांनी विचारलं, "तुझ्या त्या देशाचं काय झालं?" घरी मी नाव सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे घरात तो 'तुझा तो देश' होता.

"काही नाही. चाललंय."

"समुद्र नाही ना त्यांना?"

"नाही."

बाबांनी वरणभात कालवला. मग म्हणाले, "मग त्यांच्या स्टेशनच्या पाटीवर उंची कुठल्या समुद्रापासून लिहितात?"

माझा तोल गेला. "बाबा, समुद्रसपाटी म्हणजे समुद्रसपाटी. ती काय देशागणिक वेगळी असते का? दिवसभर कामाचं, घरी आल्यावर पुन्हा हेच. जेवा ना आता."

"अगं, चिडतेस काय? मी आपलं विचारलं."

"ॲक्च्युअली, दॅट्स अ फेअर क्वेश्चन, आजोबा," मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली.

बाबा पुन्हा भात कालवू लागले. ते मला लगेच लागलं, पण सॉरी म्हणता म्हणता मी थांबले. कारण तेवढ्यात मला कळलं होतं की मी आत्ता जे ठासून सांगितलं ते चूक आहे. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. समुद्राची सरासरी पातळी प्रत्येक देश आपल्या किनाऱ्यावर मोजतो आणि तिथून आत मोजत जातो. दोन किनाऱ्यांवरच्या पातळ्या सारख्या नसतात. शिवाय मोजत मोजत शेकडो कोस आत गेलं की बारीकसारीक चुका साठत जातात. हे मला ठाऊक होतं, पुस्तकात होतं तसंच डोक्याच्या एका कोपऱ्यात पडून होतं.

पण आम्ही सगळे काम करतो ते अशा देशात, ज्याला चारही बाजूंनी समुद्र आहे आणि एकही शेजारी नाही. इथे राज्याराज्यांनी रुळांची रुंदी वेगवेगळी ठेवून शंभर घोळ घातले, त्यामुळे गेज म्हटलं की ऑफिसातला नवखा पोरगाही कान टवकारतो. उंची म्हटलं की कुणी टवकारत नाही. आमच्या ऑफिसात 'कुठल्या समुद्रापासून' हा प्रश्न आजवर कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. आणि पुण्यामुंबईहून आलेली मी त्यांच्यात इतकी मुरले होते की मलाही तो पडला नाही.

जेवण अर्धं टाकून मी किचनच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. आमचं जमिनीचं मॉडेल दोन सर्व्हे जोडून केलेलं होतं. सीमेच्या पलीकडचा सर्व्हे शेजारी देशाचा, त्यांनी उंची मोजली होती त्यांच्या बंदरापासून. अलीकडचा सर्व्हे या देशाचा, आणि याला तर स्वतःचा समुद्रच नाही. जुन्या परक्या राजवटीत कुणीतरी अगदी उलट दिशेच्या, दुसऱ्याच समुद्रावरून उंची मोजत आणली होती, तीच अजून चालू होती. दोन्ही सर्व्हे काठाला एकमेकांवर थोडे चढलेले होते. जिथे चढले होते ती पट्टी नेमकी तिच्या मैदानावरून जात होती. आणि पट्टीवर दोन्हींचे आकडे हळूहळू एकमेकांत मिसळून टाकलेले होते, सांधा दिसू नये म्हणून.

मला एक वस्तू हवी होती, दोन्ही देशांनी मोजलेली आणि जागची न हलणारी. ती शोधायला फार वेळ लागला नाही. सीमेवरचा खांब. तो दोघांचा असतो, म्हणून दोघेही मोजतात. एका सर्व्हेत त्या खांबाच्या माथ्याची उंची पाहिली, मग दुसऱ्यात. एकाच खांबाला दोन उंच्या होत्या, आणि त्यांच्यातला फरक माझ्या कमरेएवढा होता.

"काय गं, तब्येत बरी आहे ना?" बाबांनी मागून विचारलं. मी हो म्हणाले. मैदानावरचा तो उतार कदाचित मैदानाचा नव्हताच, आमच्या जोडकामाचा होता. कदाचित. नक्की काय ते जोड उसवून पुन्हा घातल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि तो जोड घातला होता खुद्द माझ्या मॅनेजरने, स्वतःच्या हाताने, कारण असली नाजूक कामं तो दुसऱ्या कुणाला देत नाही.

गुरुवारी सकाळच्या ट्रेनमध्ये मी वाक्यं जुळवत होते. इथे बॉसला नावाने हाक मारतात, दुपार कलली की त्याच्याबरोबर बिअर पितात, पण त्याच्या कामात खोट आहे हे सांगायचं म्हटलं की शेवटी बॉस तो बॉसच. वर्षअखेरीला माझं मूल्यमापन तोच करतो. या देशात पहिली नोकरी मिळेना तेव्हा मला घेतलं होतं तेही त्यानेच. ट्रेन शहरात शिरेपर्यंत जुळवलेली सगळी वाक्यं मला लाचार वाटायला लागली, आणि मी ती सोडून दिली.

त्याच्या टेबलाशी जाऊन मी लॅपटॉप ठेवला आणि खांबाच्या दोन्ही उंच्या दाखवल्या.

तो हसला. "सी लेव्हल इज सी लेव्हल, मेट."

"काल मीही हेच म्हणाले. माझ्या वडिलांना, आणि ओरडून."

त्याने खुर्ची पुढे ओढली. दोन्ही आकडे बोटाने ताडून बघितले. त्याचे कान हळूहळू लाल झाले. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी भीतीही वाटली.

"पूर्ण मॉडेल पुन्हा करायचं तर उद्या अहवाल जाणार नाही," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"बँक वाट बघतेय. आपण तळटीप टाकू. उंचीच्या आधारांत फरक असू शकतो, पुढच्या टप्प्यात तपासावा."

तळटीप कोण वाचतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. अहवाल गेला की जागा ठरणार, जागा ठरली की जमीन घेतली जाणार, आणि पुढचा टप्पा येईल तेव्हा पलीकडे भिंती उभ्या राहिलेल्या असतील. "मग त्या प्रकरणावर सही दुसऱ्या कुणाची तरी घ्यावी लागेल," मी म्हणाले. "माझी मिळणार नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला ती बाई आवडते, म्हणून तुझा हा हट्ट आहे. खरं की नाही?"

"आवडते. पण खांब काही माझ्या ओळखीचा नाही."

तो हसला नाही. पण थोड्या वेळाने म्हणाला, "एक लक्षात घे. फरक कुठल्या बाजूला पडतो ते आपल्याला माहीत नाही. जोड काढल्यावर तिची जागा सपाट होईल, किंवा आणखी तिरकी होईल. तिरकी झाली तर ते तिला तू सांगशील."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, असं नाही. मी तिकडे बघायचं टाळत होते. आतापर्यंत तिची जागा मर्यादेच्या थोडीच बाहेर होती, दया येऊन कुणी भरावाचा खर्च सोसला असता तर वाचली असती. आता माझ्या हट्टापायी ती कायमची मरू शकत होती, आणि तिच्या गावाला कळलंही नसतं की का. "सांगेन," मी म्हणाले.

त्याने बँकेला फोन लावला आणि माझ्यासमोरच मुदत मागितली. चूक आमची आहे असं सांगितलं, माझं नाव घेतलं नाही, कुणाचंच घेतलं नाही. मग दोन्ही सर्व्हे उसवून मूळ आकड्यांवर बसला. खांबासारख्या आणखी काही समाईक जागा धरून शेजाऱ्याचा सर्व्हे आधी यांच्या पातळीवर आणायचा आणि मगच जोडायचा, असं काम होतं. मला म्हणाला, "तू इथे उभी राहिलीस तर माझ्या हातून आणखी चुका होतील."

मी खाली कॉफी घ्यायला गेले आणि कॉफी न घेताच रस्त्यावर उभी राहिले. घरी फोन केला. बाबांनी उचलला, नेहमीसारखा ओरडून, जणू ब्रिस्बेनहून स्प्रिंगफील्डला आवाज पोचणार नाही.

"बाबा, काल मी उगाच चिडले."

"कशावरून?"

"समुद्रावरून."

"ते होय," ते म्हणाले. "मी विसरलोसुद्धा. दूध संपलंय, येताना आण." ते विसरले नव्हते. विसरले असते तर दुधाचं एवढ्या घाईने निघालं नसतं.

दुपार उलटल्यावर मॅनेजरने मला हाक मारली. पडद्यावर जमिनीचा चढउतार दाखवणारे जुना छेद आणि नवा छेद शेजारी शेजारी होते. जुन्यात तिच्या मैदानावर उतार होता. नव्यात रेघ जवळजवळ आडवी होती. मी परत परत बघितलं. आकडे स्वतः काढले, कागदावर, हाताने. चढ मर्यादेच्या आत, चांगलाच आत. शेजाऱ्याची जागा होती तेवढीच सपाट, पण आता तिच्या मैदानातही काही कमी नव्हतं, आणि मैदानाला मोठा रस्ता जवळ होता, पाण्याची सोय होती. या गोष्टी आमच्या तक्त्यात आधीपासून होत्या. उताराने त्या झाकल्या होत्या.

"तू सांग तिला," मॅनेजर म्हणाला. "मी सांगितलं तर मला माफी मागावी लागेल." मग स्वतःच म्हणाला, "नाही, थांब. मीही बसतो."

तिच्याकडे सकाळ होती. तिला वाटलं होतं आम्ही अहवाल पाठवल्याचं कळवायला फोन केलाय. तिच्या चेहऱ्यावर तसा आवरून घेतलेला नम्रपणा होता. मॅनेजरने झालेली चूक सांगितली, काही न लपवता, आणि माफीही मागितली. तो थांबल्यावर तिने विचारलं, "म्हणजे आमचं मैदान सपाट आहे?"

"हो," मी म्हणाले.

"तुमच्या मॉडेलमध्येसुद्धा?"

"मॉडेलमध्येसुद्धा."

तिने तोंडावर हात धरला आणि कॅमेऱ्यातून बाजूला झाली. रिकामी खुर्ची आम्ही दोघे बघत बसलो. मॅनेजर घसा खाकरत राहिला. ती परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात वही होती, आणि तिने लगेच कामाचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. अहवालात काय बदलणार, बँक काय म्हणाली, शेजारी देश हरकत घेईल का. घेईलच, मी म्हणाले. "घेऊ दे," ती म्हणाली.

शेजाऱ्याने हरकत घेतली. खांबाच्या दोन उंच्यांमधला आम्ही काढलेला फरकच चूक आहे असं कळवलं. मग दोन्हीकडचे सर्व्हेअर एकाच दिवशी खांबापाशी गेले, एकाच यंत्राने दोन्ही पातळ्यांपासून मोजलं, आणि आम्ही काढलेला फरक खरा निघाला. तरी निर्णय लागेना. अहवाल जागा सुचवतो, ठरवणारी माणसं वेगळी असतात, आणि त्यांच्या मनात यार्डाबरोबर आणखी पन्नास गोष्टी असतात. महिने गेले. बाबांचा व्हिसा संपला, ते पुण्याला परतले. मंगळवारच्या कॉलवर आम्ही दोघी सिग्नल आणि पुलांचं बोलायचो. यार्डाचं नाव ती काढायची नाही, मीही काढायचे नाही. एकदा फक्त म्हणाली की तिची आई रोज विचारते आणि ती रोज आईवर चिडते. मला माझं वरणभाताचं पान आठवलं.

निरोप आला तेव्हा मी मुलीला नेटबॉलच्या सरावाहून आणायला गेले होते, गाडीत बसून वाट बघत होते. फोनवर त्या इंजिनिअर मैत्रिणीचा एकच शब्द होता: 'आमच्याकडे'. मी तो वाचला आणि रडायला लागले. अगदी हुंदके देऊन, स्टिअरिंगवर डोकं टेकवून. मुलगी दार उघडून आत बसली, माझ्याकडे बघून घाबरली. "मम, व्हॉट हॅपन्ड? इज आजोबा ओके?" मी मान हलवली. "यार्ड त्यांच्या बाजूला झालं," मी म्हणाले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ओके. दॅट्स गुड, राइट?" मग तिनेच बाबांना व्हिडिओ कॉल लावला, कारण तिला वाटलं असल्या वेळी आजोबाच लागतात.

बाबांनी सगळं ऐकलं. पुण्यात दुपार होती, त्यांच्या मागे पंखा फिरत होता. खूश झाले, पण बाबा ते बाबा. म्हणाले, "ते सगळं ठीक. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. मालाचं का होईना, तिथे स्टेशन होणार ना? मग पाटीवर उंची कुठल्या समुद्रापासून?"

या वेळी मी चिडले नाही. पुढच्या मंगळवारी काम संपल्यावर तिला विचारलं. आधी बाबांची सवय सांगावी लागली, आपल्याकडची पिवळी पाटी, खिडकीला लावलेलं नाक, सगळं. ती खूप हसली. हसू ओसरल्यावर थोडा विचार करून म्हणाली, "वडिलांना सांगा, आम्ही उंची लिहिणार नाही. उंचीचं आम्हाला काय करायचंय? आम्ही बंदराचं अंतर लिहू. आई गच्चीवरून नुसते ट्रक बघत होती. आता तिला वाचता येईल की समुद्र किती लांब आहे."

मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पाटी लागली की मला फोटो पाठवायला सांगशील?" सांगेन म्हणाले. अजून रूळही पडलेले नाहीत, पण दर रविवारी फोनवर ते आधी पाटीचं विचारतात आणि मग माझं.